दादऱ्याच्या सहा मात्रा, 48 फोटो

कार्लो कोलोदीची कादंबरी पुस्तकरूपात आली 1883 साली, तिच्यावरचा, लाकडी बाहुल्या-पोराचा, डिस्नेचा कार्टूनपट ‘पिनोकिओ’ 1940 साली. त्यात सकाळच्या गावाचं एक दृश्य आहे: कॅमेरा घंटेपासून निघतो आणि छपरांमधून खाली गल्लीत उतरतो. चित्र सपाट, तरी खोली जाणवते, कारण ते एकाखाली एक ठेवलेल्या काचांवर रंगवून वरून टिपलं होतं. सांगलीला लाकडी बाहुली काही नवी नाही. 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगवणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलासमोरून नावेत गात चाललेला लाकडी पोरगा, 20 सेकंदांची फिल्म, कागदाची चित्रं फोटोगणिक सरकवून, एवढंच घरी करायचं.

सुरुवात चित्रापासून नाही, गाण्यापासून. बहुतेकांची इथेच गल्लत होते: आधी चित्र हलवतात, मग त्यावर गाणं बसवायला बघतात, आणि ते काही केल्या बसत नाही.

सेकंदाला 12 फोटो धरा. सिनेमाच्या 24 चौकटींत प्रत्येक फोटो दोनदा दिसतो, डोळ्याला तेवढं पुरतं. आता लय अशी निवडा की मात्रेला, म्हणजे तालाच्या एका ठोक्याला, पूर्ण फोटो येतील. मिनिटाला 90 मात्रा असतील तर मात्रेला 8 फोटो, 120 ला 6, 80 ला 9, 72 ला 10. शंभरची लय गायला सोपी वाटते, पण मात्रेला 7.2 फोटो येतात. तुम्ही 7 धरणार आणि तीस मात्रांत 6 फोटो, म्हणजे अर्धा सेकंद, मागे-पुढे होणार. नव्वदच्या लयीत दादऱ्याचं एक आवर्तन, म्हणजे सहा मात्रांचा एक फेरा, 4 सेकंदांचं, म्हणजे 48 फोटो. पाच आवर्तनं, 240 फोटो. गाताना कानात तबल्याचं ॲप हवंच; मुलं दुसऱ्या ओळीपासून हमखास पळायला लागतात.

मग वही घ्या. एका आवर्तनाला 48 ओळी. रकाने चार: फोटो, मात्रा, अक्षर, तोंड. मात्रा 1, 9, 17, 25, 33, 41 या फोटोंवर पडतात. 25 वर ‘खाली’ (चौथी, टाळी नसलेली मात्रा), 49 वर पुढची सम (पहिली मात्रा). वल्हं पाण्यात पडायचं ते समेच्या फोटोवर, पण ते उचलायला आधीचे सहा-सात फोटो द्या. समेलाच उचलायला घेतलंत तर पोरगा तालाच्या मागे फरफटतोय असं दिसतं.

तोंडं पाच कापा: मिटलेलं (प, फ, ब, भ, म), मोठा आ, रुंद इ-ए, गोल ओ-उ आणि अर्धवट उघडं. तोंड आवाजाच्या एक फोटो आधी बदला; उशीर लगेच खटकतो, घाई खटकत नाही. लांबवलेल्या ‘आ’त तोंड तेच ठेवून हनुवटी केसभर खाली-वर करा. आणि ‘म’चे मिटलेले ओठ, कितीही घाईची ओळ असली तरी, निदान एक फोटो टिकलेच पाहिजेत.

पोरगा पाच इंचांचा, जाड लग्नपत्रिकेच्या कागदातून. सांध्याला दोरा ओवून मागे-पुढे गाठ मारा. गाठ घट्ट बसली की हात मुरगळतो, सैल झाली की तुम्ही डोकं सरकवायला गेलात तरी हातच लोंबतो.

मांडणीला 5 मिमी जाडीच्या, दीड बाय दोन फुटी तीन काचा, कडा घासून घेतलेल्या. ॲक्रिलिक मध्ये झोळ धरतं. लेन्सपासून 15, 20 आणि 25 इंचांवर काचा, 30 इंचांवर 22 बाय 30 ची ड्रॉइंग शीट. सगळ्यात वर चिंचेची फांदी, मग नाव, मग पुलाच्या कमानी, तळाशी आकाश आणि पलीकडचा ऊस. फोन फळीला भोक पाडून पालथा ठेवा, 2x झूमवर. अशा वेळी वरच्या काचेवर साधारण दहा इंच रुंद पट्टा दिसतो, तळाच्या शीटवर वीस.

नाव जागची हलवायची नाही, नुसती डोलवायची. फांदी दर फोटोला 1 मिमी मागे सरकते, पूल दर दुसऱ्या फोटोला 1 मिमी, आकाश अजिबात नाही. सगळं सारखंच सरकवलं तर खोली मरते. फांदी नि पूल जोडलेल्या ओएचपी (पारदर्शक प्लास्टिक) शीटच्या पट्टीवर चिकटवा आणि काचेच्या कडेला लावलेल्या लाकडी पट्टीला टेकवून, मोजपट्टी बघत सरकवा. फांदीच्या शीटचा चिकटपट्टीचा सांधा चकाकतो. तो बरोबर फांदीच्या जाड भागाखाली येईल असा घ्या.

दिवे दोन, एकाच जातीचे, डाव्या-उजव्या बाजूंनी तिरपे. वरून लावलात तर काचेत फोन दिसणार. तरीही दिसलाच तर फळीखाली काळं कापड ताणा, लेन्सपुरतं भोक ठेवून. साध्या काचेला हिरवट झाक असते आणि तीन काचांत ती डोळ्यात भरते. म्हणून तळाला पांढरा कागद ठेवून, तो पांढराच दिसेल असा कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लावा. मग फोकस, एक्स्पोजर, सगळं लॉक. खिडक्या बंद. फोटोला मिनिट धरलं तरी चार तास जातात, तेवढ्यात ऊन कुठल्या कुठे सरकतं. बटण दाबताना फोन हलतो, त्यामुळे इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो घ्या.

शेवटी व्हिडिओ 24 वर काढा, 30 वर नको. तिशीत 12 बसत नाहीत. एक फोटो दोन चौकटी टिकतो, दुसरा तीन, आणि पूल अडखळत सरकतो.