बोटाला सेन्सर लावण्याआधी

मानसशास्त्रात एम.ए. करणारी मुलं दरवर्षी जून-जुलैत भेटायला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "ताई, बायोफीडबॅक शिकायचंय. मोबाइलच्या नादी लागलेल्या मुलांबरोबर काम करायचंय. कुठून सुरुवात करू? मशीन कुठलं घेऊ?" कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका लहानशा केंद्रात मी अकरा वर्षं हेच काम करतेय. मशीनचा प्रश्न शेवटी घ्यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आपल्या शरीरात कितीतरी गोष्टी आपल्याला न विचारता चाललेल्या असतात. ताण आला की हातांकडचा रक्तपुरवठा आखडतो आणि बोटं गार पडतात. तळहाताला सूक्ष्म घाम सुटतो, हृदयाची लय बदलते, खांदे कानांकडे चढतात. हे सगळं मोजून त्याच क्षणी त्या माणसाला दाखवायचं, म्हणजे हळूहळू त्यावर त्याला थोडा ताबा मिळवता येतो. बायोफीडबॅक एवढंच आहे. या विषयातल्या संशोधकांची संघटना अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झाली, म्हणजे विद्या फार जुनी नाही आणि अगदी कालचीही नाही. किशोरवयीन मुलांबरोबर मी मुख्यतः दोनच मापं वापरते : तळहाताचा घाम आणि हृदयाची लय.

हृदयाचं आधी सांगते, कारण विद्यार्थी इथेच गडबडतात. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीने श्वास घेतला, तर बहुतेकांमध्ये हा चढउतार सर्वांत मोठा होतो आणि पडद्यावर टेकड्यांसारखी गुळगुळीत रेघ उमटते. कुणाची गती साडेचार, कुणाची साडेसहा. ती प्रत्येकाची शोधून काढावी लागते. आता चूक कुठे होते? आपण मुलाला सांगतो, "खोल श्वास घे." मूल बिचारं छाती भरभरून श्वास घेतं, शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मग ते घाबरतं आणि पुढच्या वेळी येतच नाही. "खोल" हा शब्दच सोडून द्या. "हळू" म्हणा. "सोडताना घाई करू नकोस" म्हणा.

आता ज्या मुलाने मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवलं, त्याच्याबद्दल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. नववीतला मुलगा, रात्री दोन-अडीचपर्यंत गेम. वडिलांनी राउटर कपाटात कुलूपबंद केला, तर त्याने शेजाऱ्यांचा पासवर्ड मिळवला. आई म्हणाली, "मॅडम, मशीनवर बसवा त्याला. काहीतरी करा." मी बसवलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये श्वास लयीत आला की पडद्यावर फुगा वर चढतो आणि गुण मिळतात. चौथ्या सत्रापर्यंत त्याने सगळ्या पातळ्या पार केल्या. आलेख इतके देखणे होते की मी ते छापून आईवडिलांना दाखवले आणि सांगितलं, छान प्रगती आहे. त्यावर आई शांतपणे म्हणाली, "घरी काहीच फरक नाही हो."

चूक पूर्णपणे माझी होती. त्या मुलाला मी आणखी एक गेम दिला होता, आणि गेम जिंकणं त्याला येतच होतं. माझ्या खुर्चीत बसून श्वास सावकाश करणं आणि रात्री अकरा वाजता गादीवर पडल्यावर हात उशीखालच्या फोनकडे जात असताना श्वास सावकाश करणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही.

पाचव्या सत्रात मी फुगा बंद केला. तळहाताच्या घामाचा सेन्सर त्याच्या दोन बोटांना लावला आणि त्याचाच फोन टेबलावर त्याच्यासमोर उपडा ठेवला. "काही करायचं नाही, नुसतं बसायचं." चार मिनिटं रेघ खाली खाली येत गेली. मग फोन थरथरला. दोन सेकंदांत रेघ उभी वर गेली. तो पडद्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. "ताई, मी तर हातसुद्धा लावला नाही!"

तो क्षण मी विसरणार नाही. फोन उचलण्याआधीच शरीर उचलायला निघालेलं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने पाहिलं. घरचे त्याला आळशी म्हणत होते, बेशिस्त म्हणत होते, आणि तोही ते खरं मानून बसला होता. पडद्यावरच्या रेघेने त्याला काही म्हटलं नाही. आम्ही काही न करता बसून राहिलो, आणि काही वेळाने रेघ आपसूक उतरली. पुन्हा फोन थरथरला, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "उतरते ना ही." त्या दिवशीचं काम तेवढंच होतं.

त्यानंतरची सत्रं पडदा झाकून केली. त्याने डोळे मिटून सांगायचं, "आता चढलीय", आणि मी आलेखावर खूण करायची. मग दोघांनी मिळून बघायचं, अंदाज किती जुळला. घरी सेन्सर नाही, तेव्हा छातीत काय होतं, बोटांत काय होतं, हे त्याला स्वतःहून ओळखता यायला हवं होतं. शिवाय झोपताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, घरातल्या सगळ्यांचे फोन, वडिलांचासुद्धा, असं ठरलं. वडिलांचं मन वळवायला मुलापेक्षा जास्त वेळ लागला. तीन महिन्यांनी तो साडेअकराला झोपू लागला. गेम बंद झाला नाही, आणि तो बंद व्हावा असं मी कधी ठरवलंही नव्हतं.

म्हणून आईवडिलांना बायोफीडबॅक "मोबाइल सोडवणारं मशीन" म्हणून कधीही विकू नका. ताण आणि चिंता कमी करण्यासाठी हृदयलयीच्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी संशोधनाचा आधार आहे. इंटरनेटच्या अतिवापरावर थेट झालेलं काम अजून थोडं आहे. समुपदेशन, झोपेचं वेळापत्रक, घरातलं बोलणं यांच्या जोडीला ते उपयोगी पडतं, त्यांच्या जागी नाही.

शब्दांबद्दलही जपून राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे. त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर, इतकं लागतं. रील्स बघण्याला असं वेगळं निदान नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या अतिवापराची १९९८ ची वीस प्रश्नांची चाचणी सगळीकडे वापरली जाते, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. मी फाइलमध्ये "अतिवापर" लिहिते. पंधरा वर्षांच्या पोराच्या कपाळावर "व्यसनी" चिकटवलेलं लेबल निघता निघत नाही. आणि नादाखाली काय आहे ते बघा : नैराश्य, वर्गात होणारा छळ, दहावीची धास्ती, घरातली भांडणं. स्वतःला इजा करण्याचे विचार असतील, झोप पार गेली असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माझ्या टेबलावर चिकटवलेला असतो. फिट्स, दमा, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पालकांची संमती लेखी घ्या, पण मुलाचीही विचारून घ्या. "नको" म्हणालं तर सेन्सर लावू नका.

शिक्षणाचं थोडक्यात. पुण्यात बी.ए. करायला फर्ग्युसन, स.प. ही महाविद्यालयं आहेत, एम.ए. विद्यापीठात होतं. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठी त्यांनी मान्यता दिलेलाच अभ्यासक्रम लागतो. प्रवेश घेण्याआधी मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. बायोफीडबॅक ही या सगळ्यावरची जोड आहे. बीसीआयए या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळवता येतं. त्यात अभ्यास, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचा सराव आणि परीक्षा असते. दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या जोरावर मुलांना बसवू नका. आणि एकदा तरी मुक्तांगणला जाऊन या. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्यात सुरू केलेल्या या केंद्रात व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला पाठपुरावा किती लागतो ते कळतं. आपण आठ-दहा सत्रांनंतर फाइल बंद करून टाकतो, तिथेच मूल निसटतं.

आता मशीन. पहिल्या वर्षी घेऊच नका. प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून लाल स्पिरिटचा साधा थर्मामीटर आणा. तापाचा चालत नाही, तो खूप वरच्या तापमानापासून सुरू होतो. स्पिरिटच्या थर्मामीटरचा फुगीर भाग मधल्या बोटाला कागदी चिकटपट्टीने लावा, घट्ट आवळू नका. रोज पंधरा मिनिटं सावकाश श्वास घेत बसा आणि सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान वहीत लिहा. काही दिवस वाढेल, काही दिवस उलट घटेल, कारण तुम्ही ते वाढवायचा फार प्रयत्न करत असाल. महिनाभर हे केल्यावर, "प्रयत्न सोड" असं मुलाला सांगणं किती कठीण आहे, ते तुम्हाला कळेल.

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी कुठल्याही मुलाजवळ बसवत नाही. सेन्सर त्याच्याच बोटांना लावते, त्याचाच फोन टेबलावर उपडा ठेवते आणि वीस मिनिटं बाहेर जाऊन बसते. मी परत आल्यावर तो आपला आलेख छापून स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवतो.