कॅथेप्सिन डीची स्लाइड वाचायला शिकताना

पॅथॉलॉजीच्या संशोधन प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याच्या हातात अँटीबॉडीची (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूची) इवलीशी कुपी आणि एक छापील प्रोटोकॉल ठेवतात. "स्टेन आलं की दाखव," एवढंच सांगितलं जातं. स्टेन, म्हणजे अँटीबॉडी चिकटली तिथे उमटणारा रंग, येतंच. ते कशाचं आहे हे ओळखण्यात खरा वेळ जातो. कॅथेप्सिन डी मी भरपूर केलंय, म्हणून तेच उदाहरण घेते.

हे लायसोसोममधलं, म्हणजे पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांमधलं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. पेशी ते आधी निष्क्रिय रूपात बनवते, साधारण ५२ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). मग ते टप्प्याटप्प्याने कापलं जातं आणि शेवटी सुमारे ३४ व १४ किलोडाल्टनच्या दोन साखळ्या उरतात. म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) दोन-तीन पट्ट्या दिसल्या की अँटीबॉडीला नावं ठेवायची घाई नको. ती प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध बनवलीय, हे आधी डेटाशीटवर बघा. फक्त कापून टाकल्या जाणाऱ्या प्रो-भागाला चिकटणारी असेल, तर तिला पक्व एन्झाइम दिसणारच नाही.

आता टिश्यू. रंग पेशीद्रव्यात आणि दाणेदार हवा. केंद्रकात रंग भरला असेल किंवा सगळी पेशी सपाट तपकिरी झाली असेल, तर डायल्यूशन (अँटीबॉडी किती पातळ केली ते) आणि अँटिजेन रिट्रीव्हल (झाकलं गेलेलं प्रथिन बफरमध्ये तापवून मोकळं करणं) पुन्हा तपासा. सायट्रेट बफर, पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए, पीएच ९ हे दोन्ही एकाच ब्लॉकवर (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) करून बघा. दुसऱ्या लॅबचा आकडा आपल्या फॉर्मॅलिनला (टिश्यू टिकवणारं द्रावण) लागू पडेलच असं नाही. मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, हे तुमचे घरचे साक्षीदार. त्यांच्यात हे एन्झाइम ठासून भरलेलं असतं आणि ते जवळपास प्रत्येक टिश्यूत सापडतात. तेच कोरे दिसले तर त्या स्लाइडवरच्या बाकी कुठल्याही "निगेटिव्ह"ला अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते लिपोफ्युसिन. वयस्क माणसाच्या यकृतात, हृदयात, चेतापेशींत हे तपकिरी रंगद्रव्य साचतं, आणि साचतं तेही लायसोसोममध्येच! म्हणजे रंग डॅबसारखा (स्टेनला नेहमीचा तपकिरी रंग देणारं रसायन), दाणे तसेच, जागाही तीच. त्यामुळे प्रायमरी अँटीबॉडी (थेट प्रथिनाला चिकटणारी) न घातलेली स्लाइड प्रत्येक रनला लावायचीच, सेक्शन कमी असले तरी. शंका राहिली तर लाल रंग देणारं एईसी वापरा. फक्त ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, तेव्हा नेहमीच्या सवयीने स्लाइड डिहायड्रेट करू नका. पाण्यात चालणारं माउंटिंग माध्यम घ्या. फ्लुरोसन्सकडे वळून सुटका होईल असं वाटतं, पण लिपोफ्युसिन स्वतःच चमकतं. यकृत आणि मूत्रपिंडात पेशींचं स्वतःचं बायोटिनही बरंच असतं, तिथे बायोटिनवर चालणाऱ्या किटऐवजी बायोटिन न वापरणारं पॉलिमर किट बरं.

बारीक गोष्ट: सोडियम अझाइड (बफर टिकवायला घालतात ते रसायन) पेरॉक्सिडेजला, म्हणजे रंग तयार करणाऱ्या एन्झाइमला, मारतं. एचआरपी (हेच पेरॉक्सिडेज) जोडलेली सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी, अझाइडवाल्या बफरमध्ये पातळ केली, तर स्लाइड कोरी येईल आणि दोष प्रायमरीवर जाईल.

गाइडने "मग या पेशंटमध्ये एन्झाइम काम करतंय का?" असं विचारलं तर स्लाइड दाखवून उत्तर देऊ नका. अँटीबॉडी प्रथिन ओळखते, त्याचं काम मोजत नाही. म्युटेशनमुळे लुळं पडलेलं एन्झाइमही छान रंगू शकतं. म्हणूनच गोशे किंवा पॉम्पेसारख्या, लायसोसोममधलं एन्झाइम कमी पडणाऱ्या आजारांच्या निदानात रक्तातल्या एन्झाइमची सक्रियता मोजतात आणि जनुकचाचणी करतात. स्लाइड सांगते ते प्रथिन कुठे आहे, कोणत्या पेशीत आहे. संशोधनाला तेवढंही पुष्कळ असतं.

मानवी ब्लॉक वापरण्यापूर्वी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, उरलेल्या नमुन्यांनासुद्धा. अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, त्याला वेळ लागतो. तोवर अँटीबॉडीचे छोटे भाग करून डेटाशीटवर सांगितलेल्या तापमानाला ठेवा, आणि प्रत्येक भागावर लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) लिहा. पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातून मिळवलेलं अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) असेल तर पुढची कुपी वेगळ्या सशाची निघू शकते. ती आली की जुन्या लॉटसोबत एकाच ब्लॉकचे सेक्शन शेजारी-शेजारी लावून मगच चालू अभ्यासात घ्या.