इम्पोर्टेड चिकन रिकॉल झालंय म्हणे, मग आपल्या फ्रीजरमधल्या पाकिटाचं काय करायचं?

नाशिकमध्ये बहुतेक घरात चिकन येतं ते दुकानासमोर उभं राहून कापून घेतलेलं, त्यामुळे रिकॉल, म्हणजे विकलेला माल कंपनीने परत मागवणं, ही भानगड आपली नाहीच असं वाटतं. पण कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या इम्पोर्टेड मालाच्या दुकानातून आणलेले सॉसेज, फ्रोजन टर्की, चिकन सूपची पाकिटं, चिकन पावडर घातलेले नूडल्स, शिवाय न्यू जर्सीहून येताना कुणीतरी बॅगेत टाकलेला डबा, हे सगळं पोल्ट्रीच. आणि २०२३ मध्ये भारताने अमेरिकेशी बोलणी करून फ्रोजन टर्की आणि बदकावरची ड्युटी कमी करायचं मान्य केलं, म्हणजे असा माल इथे दिसणं तसं नवल नाही.

आधी रिकॉलचा जो मेसेज आलाय तो नीट वाचा. "तपासणी चुकली" आणि "जंतू सापडले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॅमिली ग्रुपवर दोन्ही एकच होऊन फिरतात. अमेरिकेत बाहेरून आलेलं चिकन कस्टममधून सुटलं तरी तिथल्या कृषी खात्याच्या एफएसआयएस या विभागापुढे पुन्हा तपासणीला न्यावं लागतं, ते कागद बघतात, लेबल बघतात, माल फुटलाय का बघतात, काही वेळा सॅम्पल काढतात, आणि एखाद्या इम्पोर्टरने माल तसाच गोडाऊनला नेला की रिकॉल लागतो. म्हणजे माल खराबच आहे असं नाही, पण चांगला आहे हे सांगायलाही कुणी नाही. आपल्याकडे न्हावा शेवाला वगैरे हेच काम एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, शिवाय पशुसंवर्धन खात्याचं परमिट वेगळं.

आता पाकीट बाहेर काढा. ब्रँडच्या नावावर जाऊ नका, एकाच ब्रँडचा एक लॉट रिकॉल असतो आणि दुसरा व्यवस्थित असतो. रिकॉलच्या यादीशी जुळवायचं ते बॅच किंवा लॉट नंबर, तारीख, वजन, आणि अमेरिकन माल असेल तर शिक्क्यातला कारखान्याचा नंबर. भारतात रीतसर आलेल्या पाकिटावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, मूळ देश, एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर आणि चौकोनातला तपकिरी त्रिकोण असायला हवा. लायसन्स नंबर फॉसकॉस या एफएसएसएआयच्या लायसन्सच्या साइटवर टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे. स्टिकरच नसेल तर रिकॉलच्या यादीत शोधत बसू नका, तो माल तपासणीतून गेलाच नाही असं धरून चाला. बॅगेतून आलेल्या डब्यालाही हेच, मावशीने कितीही प्रेमाने आणलेला असो.

नंबर जुळला की खायचं नाही, चाखायचंही नाही. "चांगलं कुकरला चार शिट्ट्या देऊ" हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला हमखास येणार. साल्मोनेला हा जंतू ७४ अंशाला मरतो हे खरं, पण काही जंतूंचं विष उकळूनही तसंच राहतं आणि कोंबड्यांना दिलेल्या औषधांचे अंश तर शिजवून जातील याचा भरवसाच नाही. फ्रीजरमध्ये राहिलंय म्हणून जंतू मेले असंही नसतं, ते नुसते झोपलेले असतात, त्यामुळे गटारीला आणून श्रावणभर पडून राहिलेलं पाकीट काही सुरक्षित झालं नाही.

लेबलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, बिल शोधा (यूपीआयची एन्ट्री पण कामाला येते), मग पाकीट दोन पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्येच बाजूला ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पाणी गळलं असेल तो कप्पा साबण आणि गरम पाण्याने धुवा, मग चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर साधं ब्लीच घालून पुसून घ्या. फेकायचंच ठरलं तर बांधलेली पिशवी थेट घंटागाडीत, गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना घालू नका.

आधीच खाल्लं असेल तर घाबरून जाऊ नका, लक्ष ठेवा. साल्मोनेलाचा त्रास साधारण ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. ताप, रक्ताचे जुलाब, लघवी कमी होणं यातलं काही असेल, किंवा घरात लहान मूल, गरोदर बाई, आजी-आजोबा असतील तर डॉक्टरकडे जा आणि काय खाल्लं ते पाकिटाच्या फोटोसकट दाखवा.

दुकानदार बहुतेक वेळा "आम्हाला वरून काही आलं नाही" म्हणतो, आणि ते खरंही असू शकतं. भांडत बसण्यापेक्षा लेबलवरच्या इम्पोर्टरला मेल टाका, माल परत घ्यायला तो २०१७ च्या रिकॉल नियमांनी बांधील आहे. तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर किंवा महाराष्ट्र एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) १८००-२२२-३६५ वर, पैशांचं घोडं अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि पाकीट दुकानात परत देणार असाल तर आधी त्यावर मार्करने ठळक "रिकॉल" लिहा आणि पोच घ्या, नाहीतर तेच पाकीट संध्याकाळी पुन्हा विक्रीच्या फ्रीजरमध्ये जाऊन बसायचं.