या चुका टाळा: कुत्र्याला हाडाचा कॅन्सर निघाल्यावर

पहिली चूक निदानाच्या आधीच होते. कुत्रं लंगडायला लागलं की आपण म्हणतो, उडी मारताना पाय मुरगळला असेल. मग तेल लावून चोळणं, शेकणं, नाहीतर हाड बसवणाऱ्याकडे नेणं. लॅब्रेडॉर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या अंगाच्या कुत्र्याचं लंगडणं आठवडाभरात थांबलं नाही, किंवा पुढच्या पायाच्या मनगटावर, खांद्याशी, मागच्या गुडघ्याजवळ टणक सूज हाताला लागली, तर चोळणं बंद करा आणि एक्स-रे काढा. ऑस्टिओसारकोमा, म्हणजे हा हाडाचा कॅन्सर, हाड आतून पोखरतो. असं हाड साध्या उडीनंही मोडतं आणि मग सहसा जुळत नाही.

गावच्या जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नसेल, तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. हा कॅन्सर फुप्फुसात पसरतो, म्हणून छातीचाही एक्स-रे काढून घ्या. मात्र छाती स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. निदान होईपर्यंत सुमारे ९० टक्के कुत्र्यांत हा आजार सूक्ष्म रूपात पुढे पसरलेला असतो, फक्त फिल्मवर दिसत नाही.

सगळ्यात जास्त जिवाला लागणारी चूक वेगळीच आहे. ‘दुखत असतं तर ओरडला असता की!’ हाडाचं दुखणं फार वाईट असतं आणि कुत्रं ते मुकाट्यानं सोसतं. रात्री चार वेळा जागा बदलतं, एकच जागा चाटत बसतं, समोरची दूध-भाकरी हुंगून तोंड फिरवतं, उभं राहिलं की दुखरा पाय फक्त बोटांवर टेकवतं. धापा टाकणं हेही एक लक्षण, पण आपल्याकडच्या मे महिन्यात धाप उन्हाची की दुखण्याची हे दुपारी कळत नाही. पहाटे गारव्यात, ते पडून असताना बघा. तेव्हाही धापत असेल तर डॉक्टरांना सांगा. वेदनेचं औषध कुत्र्यानं मागण्याची वाट पाहायची नसते.

पण ते औषध घरातल्या डब्यातलं नको. माणसांच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही मनानं देऊ नका. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध) दिलं असेल तर त्याच्या जोडीला स्टेरॉइड चालत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. हळद, गोमूत्र, काढे यांनी ही गाठ विरत नाही, आणि त्या नादात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

पाय काढायचं नाव काढलं की घरात रडारड होते. ‘तीन पायांवर कसं जगेल?’ बहुतेक कुत्री काही दिवसांत तीन पायांवर चालायला लागतात. दुखरा पाय ओढत जगण्यापेक्षा ते त्यांना सोपं जातं. वजन फार असेल किंवा बाकीचे सांधे खराब असतील तर मात्र डॉक्टर नको म्हणू शकतात, आणि ते ऐकावं. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, सोबत कार्बोप्लॅटिनसारखी केमो दिली तर दहा-बारा महिने, असा पुढच्या आयुष्याचा सरासरी अंदाज असतो. खर्च झेपत नसेल तर नुसतं दुखणं आटोक्यात ठेवणं हाही पूर्ण उपचार आहे. त्याबद्दल कुणी बोल लावला तरी अपराधी वाटून घेऊ नका. गुळगुळीत फरशीवर पोती किंवा सतरंज्या अंथरा, जिना बंद करा.

शेवटचा निर्णय ऐनवेळेवर ढकलू नका. रोज रात्री कॅलेंडरवर खूण करा: आज खाल्लं का, झोपलं का, शेपूट हलवली का. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोला. ते घरी येतील का, रात्री फोन उचलतील का, हे आजच विचारून ठेवा. पाय मध्यरात्री मोडला तर तालुक्याच्या गावी कुणी सापडत नाही.