टूर्नामेंट सोडून कॅश टेबलवर बसताना

मी नौपाड्यात राहतो आणि पोकरचे पैसे घरखर्चापासून वेगळ्या खात्यात ठेवतो. तुम्हीही आधी तेच करा. ऑनलाइन पैशांचा खेळ 2025 च्या कायद्याने बंद झाला, म्हणून मी ठाण्याहून कोकणकन्या पकडून पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोत जातो. तिकीट, मुक्काम याच खात्यातून.

समजा ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, 50-100 आहेत, तर शंभर बिग ब्लाइंडचा (मोठ्या रकमेच्या शंभर पट) बाय-इन, म्हणजे टेबलवर बसताना आणायची रक्कम, 10,000 रुपयांची. असे 25 साठेपर्यंत मी बसलोच नाही. दोन वर्षं लागली. दिवसात दोन बाय-इन गेले की उठायचं.

खरी अडचण सवयीची. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड वाढत जातात, म्हणून शेवटी 12 बिग ब्लाइंड उरले की एक्का-नव्वीवर ऑल-इन, म्हणजे उरलेलं सगळं लावणं, बऱ्याचदा बरोबर असतं. कॅश टेबलवर ब्लाइंड वाढतच नाहीत, मग घाई कशाला? पहिल्याच रात्री माझ्याकडे एक्का-गुलाम, फ्लॉपवर (टेबलवर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत) एक्का. रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्यापर्यंत, प्रत्येक बेट कॉल केली, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे टाकत गेलो. समोरच्या काकांनी शांतपणे पंजीची जोडी उलटवली. तिसरी पंजी फ्लॉपवरच होती. 10,000 गेले. तेव्हापासून नुसत्या एका जोडीवर मी पॉट, म्हणजे डावात जमलेले पैसे, लहान ठेवतो, आणि छोट्या जोड्यांनी स्वस्तात फ्लॉप बघतो. शिवाय पॉटमधून रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापला जातो, तेव्हा किरकोळ पत्ते सरळ टाकून द्या.