वर्गात लॅपटॉप: बंदी न घालता शिस्त कशी लावावी

कॉलेजच्या वर्गात लॅपटॉपवर सरसकट बंदी घालणं सोपं, पण ती फार दिवस टिकत नाही. प्रोग्रॅमिंग किंवा सांख्यिकीच्या तासाला तो तुम्हालाच हवा असतो. आणि मोकळं सोडलं की मागच्या बाकांवर क्रिकेटचा स्कोअर सुरू. मधला मार्ग आहे, फक्त तो सत्र सुरू व्हायच्या आधी आखावा लागतो.

आधी टीचिंग प्लॅन काढा आणि प्रत्येक तासापुढे लिहा: लॅपटॉप लागणार की नाही. बऱ्याच तासांना तो लागतच नाही, हे तेव्हाच दिसतं. ही यादी मुलांनाही द्या, म्हणजे उगाच ओझं वाहायला नको.

पहिल्याच तासाला नियम सांगा, कारणासकट. 'मला चालत नाही' हे मुलांना पटत नाही, शेजाऱ्याचं नुकसान होतं हे पटतं. कॅनडातल्या संशोधकांनी 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी कागदावरच टिपणं काढत होते, पण त्यांच्या नजरेसमोर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर भलतंच काही चालू होतं. चाचणीत त्यांना बाकीच्यांपेक्षा सुमारे 17 टक्के गुण कमी पडले. 'हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं' हा मुद्दा मात्र ताणू नका. 2014 साली गाजलेला तो निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत तितका ठाम राहिला नाही, आणि वर्गात कुणीतरी ते शोधून दाखवतोच.

आता बसायची जागा. लॅपटॉपवाल्यांना डोळ्यासमोर हवेत म्हणून पुढे बसवायची आपली सवय, आणि इथेच घोळ होतो: पुढच्या बाकावरचा पडदा मागच्या सगळ्या रांगांना दिसतो. लॅपटॉपवर टिपणं काढणाऱ्यांना शेवटच्या एक-दोन रांगा द्या. चार्जिंगचे प्लगही बहुधा भिंतीलगतच असतात, त्यामुळे वायरींत पाय अडकत नाहीत. आणि तुम्ही फळ्यापाशी खिळून राहू नका. अधूनमधून मागच्या भिंतीशी उभं राहून शिकवा. तिथून दिसतं, कुणाची बोटं ऑल्ट-टॅबवर (झटकन दुसरी विंडो पुढे आणणाऱ्या कळांवर) आहेत ते.

पण नुसत्या पहाऱ्याने भागत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. तिथे काही वर्गांत टॅब्लेट टेबलावर आडवा, शिक्षकाला दिसेल असाच ठेवायची अट होती. तरीही त्या वर्गांचे परीक्षेतले गुण उपकरणं नसलेल्या वर्गांपेक्षा कमीच आले.

म्हणून उघडायची वेळ आणि उघडल्यावरचं काम, दोन्ही ठरवा. फळ्याच्या कोपऱ्यात 'बंद' किंवा 'उघडा' असा एकच शब्द लिहा आणि वेळ आली की बदला. मागच्या रांगेला लॅपटॉपवर टिपणं काढायची सूट असली, तरी तुम्ही सिद्धता मांडत असताना किंवा वर्गात चर्चा चालू असताना फळ्यावर 'बंद' हवं, आणि ते सगळ्यांना लागू. झाकण पूर्ण मिटलेलं हवं. अर्धवट पाडलेल्या झाकणाआड चॅट चालूच राहतं.

'उघडा' लिहिलंत की काम नेमकं आणि छोटं द्या: 'आठ मिनिटांत या फाइलमधल्या दुसऱ्या स्तंभाची सरासरी काढा आणि सामायिक शीटमध्ये आपल्या रोल नंबरसमोर भरा.' रिकामे रकाने सगळ्यांना दिसतात, तुम्हाला ओरडावं लागत नाही. फाइल मात्र आदल्या दिवशीच गूगल क्लासरूमवर टाका. साठ जण एकदम डाउनलोड करायला बसले की वायफाय मान टाकतं, मग मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू होतात आणि तास हातातून जातो.

कुणी नियम मोडलाच, तर बोलणं न थांबवता त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहा. पुन्हा तेच झालं तर त्या तासापुरतं झाकण बंद. लॅपटॉप हिसकावणं, पासवर्ड मागणं, कुणाचे मेसेज वर्गात वाचून दाखवणं हे कधीही नको.

दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) लॅपटॉप लागतो, हाताला दुखापत झालेल्याला टायपिंगसाठी. त्यांच्याशी सत्राच्या सुरुवातीलाच खासगीत बोलून घ्या. 'बंद' त्यांना लागू नाही. मागच्या रांगेत एखादं झाकण उघडं राहिलं तर सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण सरसकट बंदीच्या वर्गात तो एकच लॅपटॉप त्या विद्यार्थ्याची अडचण सगळ्यांना सांगत बसतो. दृष्टिहीन मुलाला फळ्यावरचा शब्द दिसणार नाही, म्हणून तो बदलताना तोंडानेही सांगा.