दस्ता नसलेली आखूड पंप-ॲक्शन शॉटगन रेंजवर कशी चालवावी

मॉसबर्ग ५९० शॉकवेव्ह किंवा रेमिंग्टन ८७० टॅक-१४ या बंदुकांना खांद्याला टेकवायचा दस्ताच नसतो, मागे फक्त वाकडी मूठ असते. १२ गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) शॉकवेव्हची नळी १४.३७५ इंच, एकूण लांबी २६ इंचांपेक्षा जेमतेम जास्त आणि वजन सव्वापाच पौंडांच्या आसपास. एरवी खांदा सोसतो तो धक्का इथे दोन हातांनी जिरवायचा असतो.

आधी कायदा. कारखान्यातून दस्त्याशिवाय निघालेली आणि २६ इंचांहून लांब असल्याने अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ही ‘शॉटगन’ गणली जात नाही. हौसेने दस्ता लावलात की मात्र ती नोंदणी लागणारी आखूड शॉटगन ठरते, आणि नोंदणीशिवाय तसं करणं हा गंभीर गुन्हा आहे. राज्यांचे नियम वेगळे असतात. एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक वा काडतूस बाळगायला मुळातच मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत. रेंजवरची भाड्याची बंदूकही यातून सुटत नाही.

काडतुसं हलकी घ्या: पावणेतीन इंची, १ औंस किंवा त्याहून कमी छर्ऱ्यांची, साडेसात वा आठ नंबरची. बकशॉट (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) चालवायचाच असेल तर नंतर, तोही कमी धक्क्याचा. काही इनडोअर रेंजवर बारीक छर्रे चालत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. पिवळं २० गेजचं काडतूस खिशात चुकूनही नको. १२ गेजच्या नळीत ते पुढे सरकून अडकतं आणि त्यामागे १२ गेजचं भरून चाप ओढला तर नळी फुटते.

कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही लावा. आखूड नळीचा आवाज फार मोठा असतो. चष्मा हवाच. लक्ष्य ५ ते ७ यार्डांवर लावा.

रेंज सुरू झाल्यावर नळी लक्ष्याकडे ठेवून सेफ्टी लावा. मॉसबर्गची सेफ्टी वर, अंगठ्यापाशी असते. लाल ठिपका दिसला की बंदूक मारायला तयार. पंप, म्हणजे नळीखालची सरकती पुढची मूठ, मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं तो कप्पा) रिकामं असल्याची खात्री करा. पहिले काही बार एकेकच भरा: काडतूस उघड्या खिडकीतून आत टाका, पितळी बाजू मागे, आणि पंप पुढे ढकला.

आता पकड. डावा पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर (डावखुऱ्यांनी उलट करावं). डावा हात पुढच्या मुठीच्या पट्ट्यात घाला. हात घसरून नळीच्या तोंडापुढे जाऊ नये म्हणूनच तो पट्टा असतो. बंदूक डोळ्यांच्या रेषेत, पण चेहऱ्यापासून वीतभर तरी लांब धरा. डावा हात पुढे ढकलतो, उजवा तितक्याच जोराने मागे खेचतो, जणू बंदूक ताणून लांब करायची आहे. हा ताण बार सुटेपर्यंत टिकला पाहिजे. नळीच्या टोकावरचा मणी लक्ष्यावर आणा, सेफ्टी काढा, चाप दाबा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे नेम नीट दिसावा म्हणून मूठ गालाजवळ आणणं. मग ती सरळ दातांवर आदळते. दुसरं टोक म्हणजे कमरेवरून मारणं: दिसायला जोरदार, पण लागतं कुठे याचा पत्ता नाही, आणि बऱ्याच रेंज ते करूही देत नाहीत.

बार झाला की ताण सोडून पंप झटक्यात शेवटपर्यंत मागे आणि शेवटपर्यंत पुढे. हळू हात बंदुकीला मानवत नाही. अर्धवट मागे ओढलं तर रिकामं काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवं वर येत नाही. दोष बहुतेकदा बंदुकीचा नसतो, हाताचा असतो. हे जमलं की मग दोन-दोन भरा.

चाप दाबूनही नुसतं ‘क्लिक’ झालं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मगच पंप उघडा. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर पुढचा बार मुळीच नको. बंदूक रिकामी करा आणि रेंज ऑफिसरला बोलावून नळीत काही अडकलंय का ते तपासून घ्या.

शेवटी चेंबर आणि मॅगझिनची (जादा काडतुसं ठेवायची) नळी डोळ्यांनी बघा, शिवाय बोट घालूनही चाचपा. निघताना हात साबणाने धुवा, बोटांना शिसं लागलेलं असतं.